मरण नसलेले पाणी

बोरसीहून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. दुर्ग-भिलाई या जोडशहरातली ही वस्ती. तिथल्या मराठी कुटुंबांपैकी काहींचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत छत्तीसगडात आले, पुष्कळसे स्वातंत्र्यानंतर पोलाद कारखान्याच्या नोकरीनिमित्त आले. समुद्र यांपैकी कोणाच्याच रोजच्या व्यवहारात नाही. तो येतो तो चित्र म्हणून. पूर्वी दिनदर्शिकेच्या पानावर आला, मग दूरचित्रवाणीवर आला, आणि आता संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर खेळ होऊन येतो. रात्री दिवे मालवून एखादा मनुष्य त्या निळ्या उजेडात बोट फिरवत बसतो आणि पाण्याखालचे जीव त्याच्या बोटामागून हलत राहतात.

पडद्यावरच्या या समुद्राविषयी मोठ्या आदराने बोलले जाते. त्यात गोंगाट नाही, घड्याळ नाही, गुणांची चढाओढ नाही, शत्रूवर गोळ्या झाडणे नाही. कमीत कमी रेषा आणि कमीत कमी रंग यांतून तो उभा राहतो, मनाला शांत करतो. म्हणून ही एक नवी, सात्त्विक कला आहे, असा एकूण सूर असतो. या सुरात खोट आहे. ती दाखवायची तर या जातीच्या खेळांत ज्याचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते तो 'फ्लो' हा खेळच तपासला पाहिजे. निकृष्ट नमुना निवडून त्याला झोडपणे ही टीकेतली सोपी चलाखी झाली, आणि 'फ्लो' निकृष्ट मुळीच नाही.

शांघायमध्ये जन्मलेल्या जेनोव्हा चेन या तरुणाने २००६ साली अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात आपल्या पदव्युत्तर प्रबंधाचा भाग म्हणून, निकोलस क्लार्क याच्या साहाय्याने, तो रचला. पुढच्याच वर्षी प्लेस्टेशन या यंत्रासाठी त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. तिला ऑस्टिन विंटोरी याचे संगीत आहे. २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने व्हिडिओ खेळ प्रथमच आपल्या संग्रहात घेतले, त्या पहिल्या चौदांत 'फ्लो' होता. तेव्हा हा खेळ कला आहे की नाही हा वाद उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. तो कलाकृती आहे असेच धरून चालावे. म्हणजे कलाकृतीला विचारायचे प्रश्न त्याला विचारता येतात.

खेळात शब्द नाही. फिकट निळ्या पाण्यात कृमीसारखा एक पारदर्शक जीव तरंगत असतो. खेळणारा जिकडे निर्देश करील तिकडे तो वळतो. भोवती आणखी सूक्ष्म जीव असतात. त्यांना खाल्ले की अंगाला पेर वाढते. लाल जीव गिळला की एक थर खाली, निळा गिळला की एक थर वर. खालच्या थरातली हालचाल वरून अंधूक दिसत असते आणि तीच खाली ओढून नेते. जसजसे खाली जावे तसतसे पाणी गडद होते, जीव मोठे होतात, त्यांतले काही उलटून चावतात. चावे फार बसले तर खेळणाऱ्याचा जीव एक थर वर ढकलला जातो. तो मरत मात्र नाही. अथपासून इतिपर्यंत या खेळात खेळणाऱ्याला मरण नाही.

आता या वर्णनातले मुख्य क्रियापद कोणते ते पाहावे. ते पोहणे नाही, पाहणे नाही, विसावणेही नाही. ते खाणे आहे. या पाण्यात उतरलेला मनुष्य पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत फक्त खातो. खाल्ल्याने वाढतो, वाढल्यामुळे अधिक खोल जाऊन अधिक मोठ्यांना खातो. खाल्ला जाणारा ओरडत नाही. त्याचे रक्त पाण्यात पसरत नाही. त्याच्या देहाचे प्रकाशाचे ठिपके होतात आणि तेही खायचे असतात. आणि ज्या खेळात अखंड भक्षणाखेरीज दुसरे कर्म नाही, तो खेळ समर्थकांना शांत वाटतो. येथे थोडे थबकून विचारायला हवे की ही शांती येते कोठून? रंगांतून काही येते, संगीतातून काही येते. परंतु तिचा खरा उगम नियमात आहे: इतर सर्व मर्त्य, खाणारा एकटा अमर. ज्याला कोणी मारू शकत नाही त्याला सगळे पाणी शांतच वाटणार.

चेन याने खेळाचे नाव आणि खेळामागची कल्पना मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय याच्याकडून घेतली, हे प्रबंधावरून उघडच आहे. मनुष्याचे कौशल्य आणि त्याच्यापुढचे आव्हान यांचा मेळ बसला की तो कामात इतका रंगतो की त्याला काळाचे व स्वतःचे भान उरत नाही, या अवस्थेला चिक्सेंटमिहाय प्रवाह म्हणतो. त्याचे या विषयावरचे गाजलेले पुस्तक १९९० चे. पण त्याआधी, १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ही अवस्था त्याने कोणात पाहिली होती? कडे चढणारे गिर्यारोहक, शस्त्रवैद्य, बुद्धिबळपटू, नर्तक. कड्यावरच्या माणसाचा हात सुटला तर तो खाली पडतो. शस्त्रवैद्याचा हात चुकला तर टेबलावरचा रुग्ण दगावतो. बुद्धिबळात प्राण जात नाही, पण डाव जातो आणि तो परत मिळत नाही. या सर्वांची तल्लीनता त्या संभाव्य हानीच्या काठावर उभी असते. 'फ्लो'ने तल्लीनता तेवढी उचलली आणि काठ पुसून टाकला. खेळणाऱ्याने चूक केली तर एक थर वर जावे लागणे, ही शिक्षा म्हणजे दमलेल्या मुलाला आईने उचलून कडेवर घेण्यासारखी आहे. मुलाला ती हवीच असते. तिला गिर्यारोहण म्हणू नये इतकेच.

समर्थकांपैकी जे संस्कृत साहित्यशास्त्र जाणतात त्यांचा युक्तिवाद अधिक वजनदार असू शकतो. त्यांनी असे म्हणावे की हा शांतरस आहे. पाश्चात्त्य खेळांचा वीर आणि बीभत्स यांचा धुमाकूळ सोडून पडदा एकदाचा शांताकडे वळला. हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, म्हणूनच त्याचा समाचार सविस्तर घ्यावा लागतो. नाट्यशास्त्राचा मूळ हिशेब आठ रसांचा. नवव्याची बाजू 'अभिनवभारती'त अभिनवगुप्ताने लढवली, आणि ती लढवताना शांताचा स्थायी भाव म्हणून त्याने तत्त्वज्ञान, म्हणजे आत्मस्वरूपाचे ज्ञान, पुढे केले. मम्मटाने निर्वेद म्हटले. दोघांचा मतभेद खरा. पण क्षोभाचा निव्वळ अभाव म्हणजे शांत, असे दोघांपैकी एकही म्हणत नाही. निर्वेद येण्यासाठी आधी काही भोगावे लागते. तत्त्वज्ञान होण्यासाठी काही जाणावे लागते. याहून बोलका पुरावा आनंदवर्धनाचा आहे. 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्योतात त्याने महाभारताचा प्रधान रस शांत ठरवला. कोणत्या महाभारताचा? अठरा अक्षौहिणी सैन्य जिथे खपले, यादव जिथे आपसांत लढून संपले आणि जिंकलेले पांडवही शेवटी एकेक करून वाटेत पडले, त्या महाभारताचा. संहाराच्या आधी नव्हे, संहाराला वळसा घालूनही नव्हे, तर तो सगळा पाहून झाल्यावर मन जिथे येऊन थांबते ती जागा त्याने शांत म्हणून ओळखली. 'फ्लो'तला जीव कोणताच संहार पाहत नाही, कारण तो स्वतः संहार आहे आणि त्याला ते कळू दिलेले नाही. न जाणण्यातून आलेल्या स्वस्थतेला आपल्याकडे दुसरे नाव आहे. ते औषधाच्या दुकानात मिळते.

साधनांच्या कमीपणाचे जे कौतुक होते त्याचाही हिशेब येथेच करावा. कमीत कमी साधनांत उभी राहणारी कला मराठी मुलखाला नवी नाही. जात्यावरच्या ओवीला जात्याच्या घरघरीखेरीज वाद्य नव्हते. वारली चित्राला तर तांदळाच्या पिठाचा एक पांढरा रंग आणि मातीने सारवलेली भिंत एवढेच भांडवल. वर्तुळ, त्रिकोण, रेघ, संपले. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे (त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले) यांचा एक आवडता विषय मासेमारीचे जाळे हा होता. बारीक पांढऱ्या रेघांचे जाळे सगळा चित्रावकाश व्यापून बसते, त्यात मासे असतात, आणि जाळ्याच्या कडेशी, होडीतून वा काठावरून, ते धरणारी माणसे असतात. 'फ्लो'च्या पडद्यावर आहेत त्याहून साधने येथे निश्चितच कमी आहेत. एकच रंग, आणि आकृती हलतसुद्धा नाहीत. तरी या चित्रात खाणारा कोण, खाल्ला जाणारा कोण आणि दोघांमधली दोरी कोणाच्या हातात आहे, हे तिन्ही दिसते. कमी रेषा काढणे आणि कमी गोष्टी कबूल करणे ही दोन वेगळी कामे आहेत. मशे यांनी पहिले केले. 'फ्लो'ने पहिल्याच्या आडून दुसरे केले.

रूपवादी मंडळी येथे मर्ढेकरांना साक्षीला बोलावतील, आणि त्यांना तसा अधिकारही आहे. लौकिक आशयाचा हिशेब बाजूला ठेवून केवळ लयीच्या अंगाने पाहिले तर हा खेळ निर्दोष नाही का? तो पुष्कळ अंशी आहे. परंतु 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ सालच्या ग्रंथात मर्ढेकरांनी लयीची तीन तत्त्वे मांडली: संवाद, विरोध आणि समतोल. समतोल हा विरोधाला तोंड दिल्यावर येतो. ज्या रचनेत विरोध करणारा फक्त वर ढकलू शकतो, संपवू शकत नाही, तिच्यात संवादच संवादाला साद घालत राहतो आणि समतोल साधायचे कामच उरत नाही. म्हणजे फडके-खांडेकर वादात न शिरता, शुद्ध कलावाद्यांच्या अंगणात उभे राहूनही, हे पाणी उथळच ठरते.

खेळ हे माध्यमच असे आहे, त्याच्याकडून याहून अधिक अपेक्षू नये, हा बचाव टिकत नाही. त्याच वळणावर दहा वर्षांनी, २०१६ साली आलेल्या 'अब्झू' या खेळात पाणबुड्याचे रूप घेतलेला खेळणारा काहीच खात नाही, खऱ्या जातींच्या माशांच्या थव्यांतून तो फिरतो, एका जागी बसून त्यांच्याकडे नुसते पाहण्याचीही सोय आहे, आणि त्यात एका मोठ्या शार्कचा मृत्यू आहे, जो पाहावा लागतो. संगीतकार तोच, विंटोरी. त्या पाणबुड्याचा श्वास कधीच संपत नाही हे खरे, त्यामुळे तिथेही मनुष्य अमरच राहिला. पण माध्यमाला मरण दाखवता येत नाही, हा समज तरी त्याने खोडून काढला. 'फ्लो'ने ते दाखवले नाही ही निवड होती. (या निवडीवर काळाने एक विचित्र टिप्पणी केली आहे. २००६ चा मूळ खेळ फ्लॅश या तंत्रावर चालत असे. २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद करण्यात आले, आणि तेव्हापासून सर्वसाधारण ब्राउझरमध्ये तो खेळ त्याच्या मूळ रूपात उघडत नाही. ज्या पाण्यात मरण नव्हते ते पाणीच आटले.)

एवढे झाल्यावर पुन्हा बोरसीकडे यायला हवे, कारण या खेळाच्या अगदी मुळावर येणारा पुरावा बोरसीच्या जमिनीखाली आहे. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर, हे आजचे झाले. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी छत्तीसगडच्या या मैदानावर उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या चुनखडकाचे थर दुर्ग-रायपूरच्या परिसरात पसरलेले आहेत, आणि त्या खडकांत स्ट्रोमॅटोलाइट सापडतात: कांद्याच्या पाकळ्यांसारखी, एकावर एक थर चढलेली, सूक्ष्म जीवांच्या चटयांनी रचलेली बांधकामे. ती रचणाऱ्यांत नीलहरित जिवाणू प्रमुख. एका पेशीचा देह, ना तोंड ना पोट. ते कोणाला खात नसत. प्रकाशावर जगत आणि प्राणवायू पाण्यात सोडत.

पोलाद कारखान्याचा पुढचा इतिहास या जीवांवाचून सांगताच येत नाही. सोव्हिएत संघाशी १९५५ साली करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टीला लोहखनिज दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून आले आणि चुनखडी दुर्ग जिल्ह्यातल्याच नंदिनीच्या खाणीतून. चुनखडी खनिजातली सिलिका बांधून तिची मळी करते आणि लोखंड मोकळे होते. म्हणजे प्राचीन समुद्राच्या गाळाने लोखंडाची शुद्धी होते. राजहऱ्याचे पट्टेदार लोहखडक तर याहूनही कितीतरी जुने. अशा खडकांची उपपत्ती शास्त्रज्ञ सांगतात ती अशी की आदिम समुद्रात विरघळलेले लोह, सूक्ष्म जीवांच्या व्यापाराने, गंजून तळाशी बसत गेले. भिलाईच्या रुळांवरून देशभर आगगाड्या धावतात. त्या रुळांत पाण्याखालच्या जीवांची, तोंड नसलेल्या जीवांची, किती युगांची मजुरी आहे याचा अदमासही करवत नाही.

'फ्लो' आपल्या आदिम पाण्यात जे सांगतो ते याच्या नेमके उलट आहे. साधेपणाकडे जा, मुळाकडे जा, म्हणजे तिथे भूक भेटेल आणि भूक हेच जीवनाचे आद्य रूप आहे, असे त्याची रचना न बोलता पटवून देते. पृथ्वीच्या इतिहासात भक्षक फार उशिरा आला. त्याच्याआधी कोट्यवधी वर्षे जीव उजेडावर जगले आणि जमीन रचत राहिले. अमर भक्षक तर कधीच आला नाही. तो बाजाराने कल्पिलेला प्राणी आहे.

जुने राहू द्यावे. आज बोरसीच्या आसपास जे पाणी आहे त्यातले जीव पाहावेत. छत्तीसगड हा तळ्यांचा मुलूख. 'छै आगर छै कोरी', म्हणजे सहा विसा आणि वर सहा, अशी एकशे सव्वीस तळ्यांची मोजदाद तिथल्या लोकपरंपरेत चालत आली आहे; तळे खोदून झाले की त्याचे लग्न लावण्याचा आणि मधोमध लाकडी खांब रोवण्याचा रिवाज होता. या तळ्यांत मरळ असते. ती हवेतला श्वास घेऊ शकते. उन्हाळ्यात पाणी आटले की चिखलात दबून राहते आणि पहिल्या पावसाची वाट पाहते. वीण झाली की पिलांचा तांबूस पुंजका पृष्ठभागाशी तरंगत असतो आणि त्याच्या खाली आईबाप पहाऱ्यावर असतात. त्या दिवसांत पुंजका हेरून पहारेकरी मासा मारणे सोपे असते, आणि तसे केले की पिले इतरांच्या तोंडी जातात. हीच मरळ, वाढल्यावर, लहान मरळींना खायला कमी करत नाही. ममता आणि भक्षण एका देहात, एका तळ्यात, एका पावसाळ्यात. एवढी गुंतागुंत ज्याला पेलत नाही त्याने पाण्याखालच्या जीवांविषयी जरूर खेळ करावा. पण त्याला जीवनाचे ध्यान म्हणू नये.

तळ्याकाठच्या केवट-धीवरांना हे सारे ठाऊक असते, कारण त्यांना थांबावे लागते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, आणि कायद्याच्या कितीतरी आधीपासून कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावाचून होड्या लोटत नव्हते. खाणाऱ्याने खाल्ल्या जाणाऱ्याच्या विणीसाठी हात आखडता घ्यायचा, हा मासेमारीतला पहिला संस्कार आहे. 'फ्लो'त हात आखडून काही मिळत नाही. थांबलेला खेळणारा तिथे फक्त थांबलेला राहतो.

आणि हात आखडायचा नसेल, खाणारा आपल्याला अमर समजत असेल, तर प्रत्यक्षात काय होते याचे उदाहरणही दुर्गच्या वेशीवरच आहे. शिवनाथ नदी तिथून वाहते. १९९८ साली, छत्तीसगड अजून मध्य प्रदेशात असताना, बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्यासाठी नदीवर बंधारा बांधून तो चालवण्याचा बावीस वर्षांचा करार एका खाजगी कंपनीशी करण्यात आला. नदीचा सुमारे तेवीस किलोमीटरांचा पट्टा त्याखाली गेला. काठच्या गावांतून तक्रारी उठल्या: मासे मारू देत नाहीत, जाळी टाकू देत नाहीत, शेताला पाणी उचलू देत नाहीत. देशात नदीच्या खाजगीकरणाचा विषय निघाला की शिवनाथचे नाव पहिले घेतले जाते ते यामुळे. लोक संघटित झाले, प्रकरण विधानसभेपर्यंत पोहोचले, आणि २००७ साली राज्याच्या लोकलेखा समितीने करार रद्द करावा अशी शिफारस केली. पाण्याखालच्या जीवांना कोणी खावे, कोणी खाऊ नये, आणि हे कोणी ठरवावे, हा प्रश्न इथल्या माणसांनी कागदपत्रांनिशी आणि मोर्च्यांनिशी लढवला आहे. त्याच गावाच्या शेजारी बसून कोणी निळ्या पडद्यावर निर्वेध खात राहिला, तर त्याच्याविषयी तक्रार नाही. पाण्यात वादच नसतो, पाणी म्हणजे विसावा, असा सिद्धान्त तो त्यातून काढू लागला तर तक्रार आहे.

खोल पाण्यात उतरण्याचा दुसरा एक नमुना याच परिसरात आहे, आणि तो मराठी घरातून आलेला आहे. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून दुर्गच्या शेजारच्या राजनांदगावी दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होते. तळ्यांच्या काठी त्यांचे बिऱ्हाड होते. ११ सप्टेंबर १९६४ रोजी ते गेले, आणि त्याच वर्षी निघालेल्या त्यांच्या हिंदी संग्रहात 'ब्रह्मराक्षस' ही कविता आहे. ओसाड विहिरीच्या खोल पाण्यात, पायऱ्यांच्या तळाशी, राहणारा तो विद्वान पिशाच्च अंगावरचा मळ काढण्यासाठी स्वतःला अखंड घासत असतो आणि मळ जात नाही. त्या पाण्यात उतरलेला वाचक वर येतो तेव्हा त्याच्या अंगाला पेर वाढलेले नसते. काहीतरी गळून पडलेले असते. तीही कमी साधनांचीच सृष्टी आहे: एक विहीर, एक आवाज, अंधार. हिंदी साहित्याने तिला शांत म्हणून कधी गौरवले नाही, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी तिच्यात उतरत आहेत.

यावर एक आक्षेप उरतो, आणि तो खरोखर मातब्बर आहे. भिलाईचा कारखाना तीन पाळ्यांत चालतो. रात्रपाळी करून आलेला, भट्टीच्या धगीत आठ तास उभा राहिलेला मनुष्य घरी येऊन अर्धा तास निळ्या पाण्यात डोळे निववत असेल तर त्याला अभिनवगुप्त आणि मरळ यांचे दाखले देणारा टीकाकार कोण? आक्षेप न्याय्य आहे आणि तो पूर्ण मान्य करावा. दमलेल्या माणसाच्या विसाव्यावर कोणाचाच अधिकार चालत नाही. त्याने पडद्यावर मासे पाहावेत, पत्ते खेळावेत, छताकडे पाहत पडून राहावे. परंतु या खेळाला रात्रपाळीच्या कामगाराने कलेच्या संग्रहालयात नेऊन बसवलेले नाही. ते ज्यांनी केले, ज्यांनी विसाव्याच्या सोयीला सौंदर्याचे माप ठरवले, आणि जे त्या मापाने उद्या कवितेला व कादंबरीलाही मोजू लागतील, त्यांच्याशी हा वाद आहे. साहित्याच्या बाजारात मन शांत करणाऱ्या पुस्तकांचे फळे आताच लांबत चालले आहेत. तिथे ब्रह्मराक्षसाला जागा मिळणार नाही हे सांगायला ज्योतिषी नको.

अशा खेळांमुळे समुद्र न पाहिलेल्या मुलांना पाण्याखालच्या जीवांची ओढ लागते, असेही म्हणतात. लागत असेल, 'अब्झू'सारख्या खेळाने ती लागावीही. 'फ्लो'तल्या जीवांना मात्र नावे नाहीत. बोरसीतले मूल तो खेळ पुरा करून उठले तरी त्याला एकाही जलचराचे नाव आलेले नसते. तेच मूल संध्याकाळी दुर्गच्या मासळीबाजारात गेले आणि घमेल्यातल्या वीतभर पाण्यात जिवंत वळवळणारी मरळ पाहून ही कोणती म्हणून विचारले, तर समोर बसलेली केवटीण तिचे नाव सांगते, कोणत्या तळ्याची ते सांगते, यंदा ती इतकी महाग का तेही सांगते, आणि मग विळी पुढे ओढून विचारते, किती द्यायची?